दात, किल्ली आणि अर्धं ब्लेड आता राहू द्या

मोंढ्यात पोतं फोडायचं म्हटलं की कुणी शिवणीला दात लावतं, कुणी गाडीची किल्ली खुपसतं, तर कुणी कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड खिशातून काढतं. पोतं फुटतं, पण कधी दाताचा टवका उडतो, कधी किल्ली वाकते, कधी ब्लेड बोटात शिरतं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हे दिसतं, वसमत-कळमनुरीच्या बाजारात दिसतं, सेनगावकडच्या आखाड्यांवर आणि औंढ्याच्या एस.टी. स्टँडवरही दिसतं. रोजचंच असल्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

मंडळी, वावगं वाटायला हवं. घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाच्या खिशात किंवा पर्समध्ये घडी होणारं, दोन-चार कामांचं एक लहान हत्यार असावं, एवढंच सांगण्यासाठी हे लिहितो आहे. आणि ते निवडताना पाती मोजू नका, आपलं काम पाहा. जे हत्यार खिशात राहतं तेच वेळेला उपयोगी पडतं. पंधरा पात्यांचं जड धूड कपाटात पडून राहिलं, तर शेतात पुन्हा दातच पुढे येतात.

दातांचं म्हणाल तर प्रश्न नुसत्या टवक्याचा नाही. खरिपात फवारणीच्या दिवसांत औषधाची पुडी दातांनी फाडणारे आणि नोझल तुंबलं की ते तोंडाला लावून फुंकणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं अनेक होती. पण विषाची पुडी ओठांपर्यंत जाऊच नये, ही त्यातली आपल्या हातातली गोष्ट आहे. नखाएवढी कात्री जवळ असली तरी ती साधते.

यादी कामातून येते

आपल्या आज्या-पणज्यांच्या कमरेला चंची असायची. तिच्या कप्प्यांत पान, चुना, सुपारी, अडकित्ता असायचा आणि पुष्कळदा एका कडीत ओवलेली दातकोरणी, कानकोरणी व चिमटाही असायचा. दिवसभर लागणारं सामान कमरेला आणि बाकीचं घरी, असा तो हिशेब होता. धोतर गेलं, चंची गेली, पँट आली. पण तिच्या खिशात मोबाइलखेरीज कामाचं काही आलं नाही.

जगभर नावाजलेल्या खिशातल्या हत्यारांची गोष्टही अशीच आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये चाकू-सुऱ्यांचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला शिपायाचा चाकू पुरवायला सुरुवात केली. पुढे हाच कारखाना व्हिक्टोरिनॉक्स नावाने ओळखला जाऊ लागला. त्या पहिल्या चाकूत चारच गोष्टी होत्या: पातं, टोचा, डबा फोडायचं ओपनर आणि डिसमिस. शिपायाला जेवणाचा डबा फोडावा लागे आणि रायफल उघडून साफ करावी लागे, म्हणून या चार. अमेरिकेतले टिम लेदरमन १९७५ मध्ये जुनी गाडी घेऊन युरोपभर हिंडत होते. गाडी सारखी बिघडायची. खिशात चाकू होता, पण वेळोवेळी उणीव भासली ती पकडीची. त्यांनी पक्कड असलेलं घडीचं हत्यार बनवलं. ते बाजारात यायला १९८३ साल उजाडलं. दोघांनीही आधी काम पाहिलं आणि मग पाती ठरवली. गिऱ्हाइकानेही तोच क्रम धरावा.

म्हणून दुकानात जाण्याआधी आठ दिवस स्वतःच्या हातांकडे लक्ष द्या. कुठे दात लागले, कुठे नख तुटलं, कुठे किल्ली वापरली, कुठे शेजाऱ्याला "जरा चाकू दे रे" म्हणावं लागलं, ते कागदाच्या कपट्यावर टिपा. बहुतेकांच्या यादीत चार-पाच कामंच पुन्हा पुन्हा येतील. ती कामं करणारं हत्यार तुमचं. उरलेली पाती म्हणजे खिशाला ओझं.

कुणी काय घ्यावं

शेतकऱ्याच्या यादीत सुतळी, खताची-बियाण्याची पिशवी, ठिबकची नळी, बैलाचं किंवा गाईचं दावं, पंपाच्या पट्ट्याचा स्क्रू आणि पायात मोडलेला काटा हमखास असतो. त्याला एक मजबूत पातं, एक टोचा आणि रुंद तोंडाची डिसमिस पुरेशी आहे. मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: व्हिक्टोरिनॉक्सचं पायोनियर हे मॉडेल मिटल्यावर ९३ मिलिमीटर लांब असतं. त्यात पातं, टोचा आणि दोन ओपनर असून ओपनरांच्या टोकांना डिसमिस आहे. त्याच घडणीला करवत जोडली की फार्मर हे मॉडेल होतं. फांद्या छाटण्याचं काम रोजचं असेल तरच करवत घ्या. पण यात चिमटा नाही, हे लक्षात ठेवा. तो औषधाच्या दुकानातून वेगळा घ्यावा लागेल.

शिक्षिका, परिचारिका, आशाताई, अंगणवाडीताई किंवा रोज एस.टी.ने ये-जा करणारी विद्यार्थिनी यांच्या यादीत पात्यापेक्षा कात्री वर असते: औषधाची पट्टी, पार्सलची चिकटपट्टी, कपड्याचा सुटलेला दोरा, दुधाची पिशवी. त्यांना ५८ मिलिमीटरचं, किल्लीच्या कडीत अडकवायचं लहान हत्यार बरं. क्लासिक म्हणून जे मॉडेल मिळतं त्यात लहान पातं, कात्री, टोकाला डिसमिस असलेली कानस, चिमटा आणि दातकोरणी असते, आणि वजन जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास भरतं. एवढं जवळ बाळगायला कुणालाच जड नाही.

मोटारसायकल, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, केबल किंवा मोबाइल दुरुस्ती ज्यांच्या मागे लागलेली आहे, त्यांनाच पकडीचं मल्टीटूल लागतं. पूर्ण मापाचं पकडीचं हत्यार बहुधा २०० ग्रॅमच्या पुढे जातं. शर्टाच्या खिशात ते लोंबतं, म्हणून कमरपट्ट्याला म्यान लावून घ्यावं लागतं. तेवढं रोज वागवण्याची तयारी नसेल, तर खिशात लहान चाकू ठेवा आणि गाडीच्या डिकीत साधी पूर्ण मापाची पक्कड, डिसमिस आणि पान्हा ठेवा. नाशिकला बनणाऱ्या टपारियाच्या पकडी आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. घट्ट नट सोडवण्यात घडीचं कोणतंही मल्टीटूल त्यांची बरोबरी करत नाही.

आणि यातलं काहीच आत्ता परवडत नसेल, तर थांबू नका. चांगल्या पोलादाचं, कानस आणि लहान पातं जोडलेलं नेलकटर पुष्कळ घरांत आधीच असतं. ते किल्लीच्या जुडग्याला अडकवा. दातांचं निम्मं काम तिथेच सुटतं.

दुकानात पारखताना

आठवडी बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत 'अकरा कामांचं', 'अठरा कामांचं' म्हणून पत्र्याची चकाकती हत्यारं स्वस्तात दिसतात. ती हातात घेतली की खरं-खोटं कळतं. प्रत्येक पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डगडग करत असेल तर ते ठेवून द्या. सगळी पाती मिटून उजेडासमोर धरा. पात्यांच्या मधून फट दिसली तर तिथे माती आणि पाणी शिरणार. रिव्हेटवरून बोट फिरवा, ते बोटाला लागता कामा नये. नखाने पातं उघडता आलं पाहिजे. नख तुटेल इतकी स्प्रिंग कडक असेल तर गडबडीच्या वेळी ते उघडणार नाही, आणि आपोआप उघडेल इतकी ढिली असेल तर ते खिशातच मांडीला लागेल. पक्कड असेल तर तिचे जबडे टोकापर्यंत नीट मिटतात का पाहा, त्यांत बिलाचा कागद धरून ओढा. कात्रीने तोच कागद कापा. दुमडला तर कात्री कामाची नाही.

पोलाद स्टेनलेस घ्या. आपल्याकडे पावसाळा आहे, घाम आहे, कैरी-लिंबाचा आंबट रस आहे. साध्या लोखंडाला त्यात लगेच गंज धरतो. फार कडक पोलादाचा मोहही नको. ते धार टिकवतं खरं, पण एकदा बोथटलं की घरच्या दगडावर बधत नाही. मध्यम कडक पोलादाला दहा-वीस हात मारले की पुन्हा धार येते.

पक्कं कुलूप लागणारं पातं हवं का, हाही प्रश्न विचारला जातो. जो माणूस जोर लावून भोक पाडतो किंवा ओल्या हाताने काम करतो, त्याच्या बोटांना कुलपाचा आधार होतो. पिशव्या-सुतळी कापणाऱ्याला साध्या स्प्रिंगचं पातं पुरतं. बटण दाबताच खटकन बाहेर येणारा चाकू मात्र घेऊ नका. कामाला त्याचा काही फायदा नाही आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका येते.

कायद्याचं भान

हत्यार खिशात ठेवायचं म्हटल्यावर "पोलिसांनी धरलं तर?" हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपण बोलतो आहोत त्या हत्यारांची पाती साधारण ४ ते ७ सेंटिमीटरची असतात.

पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर सुरे आणि काठ्याही येतात. आदेश लागू असताना चाकू घरी किंवा आखाड्यावर ठेवा. मिरवणूक, सभा, मोर्चा, कोर्ट, परीक्षा केंद्र, मतदान केंद्र आणि मोठ्या देवस्थानाची रांग या ठिकाणी तो कधीच नेऊ नका, आदेश असो वा नसो. नांदेडहून किंवा कुठूनही विमानाने जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत नको, सामानात जमा करा. वाटेत कुणी विचारलंच तर काम काय ते सरळ सांगा आणि हत्यार दाखवा. भांडणाच्या वेळी त्याला हात लावायचा नाही, धाक म्हणूनसुद्धा नाही. ज्याला स्वतःच्या रागाचा भरवसा नाही त्याने कात्री असलेलंच घ्यावं, पात्याचं नको.

वापर शिकून घ्या

मृग निघाला की बियाण्याच्या पिशव्या फुटतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा तक्रारीत शेतकऱ्याच्या हाती पुरावा लागतो: पिशवी, तिच्यावरचा टॅग, पावती आणि मूठभर बियाणं. म्हणून पिशवी वरून फाडू नका. ती उलटी करा, खालच्या बाजूने पात्याने एक सरळ काप द्या आणि वरचा टॅग आहे तसा राहू द्या. दातांनी किंवा विळ्याने ओरबाडलेल्या पिशवीचा टॅग बांधावरच हरवतो. रिकामी पिशवी आणि पावती पीक घरी येईपर्यंत जपा.

खताच्या आणि धान्याच्या पोत्यांची मशीनची शिवण बहुधा साखळी टाक्याची असते. तिच्या बरोबर टोकाचा दोरा कापून ओढला की सगळी शिवण सरसर उसवते आणि पोतं अखंड राहतं. एका टोकाने उसवली नाही तर दुसऱ्या टोकाने पाहा. हळदीचा किंवा सोयाबीनचा कट्टा पुन्हा भरायचा असतो, त्याला भोकं पाडून कसं चालेल?

ठिबकची नळी मांडीवर धरून कापू नका. लाकडाच्या ढलपीवर ठेवा आणि पातं काटकोनात दाबून कापा. काप तिरपा आला तर जोड बसतो पण गळतो, आणि दुरुस्ती पुन्हा करावी लागते. दावं, सुतळी, नळी, काहीही कापताना पात्याचं तोंड आपल्यापासून दूर असावं आणि दुसरा हात पात्याच्या मागे असावा.

बाभळीचा काटा काढताना पात्याने मांस उकरू नका. साबणाने पाय धुवा, चिमटा स्पिरिटने पुसा, काट्याचं टोक पकडा आणि तो ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने सावकाश ओढा. खोल मोडला असेल तर दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या सुईचं विचारा.

फवारणीचं नोझल तुंबलं तर हातमोजे घालून झाकण सोडवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि जुन्या ब्रशाच्या मऊ केसांनी छिद्र मोकळं करा. टोचा त्यात घालू नका. छिद्र मोठं झालं की धार फिसकटते आणि औषध जास्त जातं. ज्या पात्याने औषधाची पुडी कापली, ते साबणाने धुतल्याशिवाय त्याने काकडी-पेरू कापू नका. जमल्यास पंपाच्या पेटीत औषधासाठी एक कात्री वेगळीच ठेवा.

आता एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. खिशातल्या हत्याराने विजेच्या कामाला हात घालू नका. घडीच्या हत्याराची मूठ बहुधा धातूचीच असते किंवा वरच्या पातळ प्लास्टिकच्या आत धातूच असतो. विजेपासून ती वाचवत नाही. स्टार्टरची पेटी उघडणं, वायर सोलणं, रोहित्रावर फ्यूज टाकणं ही कामं ओल्या वावरात, अनवाणी पायांनी करताना माणसं गेली आहेत. पुरवठा बंद असल्याची खात्री केल्याशिवाय पेटीला हात लावू नका, त्यासाठी विजेच्या कामाची वेगळी, मूठ झाकलेली हत्यारं ठेवा आणि रोहित्राचं काम महावितरणच्या माणसालाच करू द्या. पाणी दोन तास उशिरा मिळालं तरी पीक सावरतं.

तसंच, पात्याने डब्याचं झाकण उचकटू नका. पातं कापण्यासाठी आहे. उचकटायला डिसमिसचं टोक आहे. बहुतेक चाकू याच एका चुकीने मोडतात आणि तुटलेला तुकडा डोळ्यात उडण्याची भीती असते.

निगा

खंडेनवमीला आपण विळे-खुरपी धुऊन-पुसून पूजतो. हिंगोलीच्या दसऱ्याची तर दूरवर ख्याती आहे. पण हत्याराला वर्षातून एकदाच हात लावून भागत नाही. महिन्यातून एकदा ते कोमट पाण्यात उघड-मिट करून आतली माती काढा, कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं.

धार घरच्या निसण्यावर लावा. दगड ओला करा, पातं जवळजवळ आडवं धरा, पाठीखाली दोन नाणी मावतील एवढंच उचला आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. लहान पातं कोरड्या, वेगात फिरणाऱ्या चाकावर देऊ नका. ते तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही. बोथट पातं जास्त धोक्याचं असतं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो.

घरातल्या मुला-मुलींनाही हे शिकवा. हत्यार लपवून ठेवलं की मूल ते गुपचूप उघडतं आणि कापून घेतं. त्यापेक्षा जवळ बसवून दाखवा: कसं उघडायचं, कसं मिटायचं, दुसऱ्याच्या हातात देताना आधी मिटून कसं द्यायचं. शाळेत मात्र ते न्यायचं नाही, हे त्याच वेळी बजावा.

तेव्हा वाचकहो, उद्यापासून आठ दिवस यादी करा. मग जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जा, हत्यार हातात घ्या, पारखा आणि परवडेल त्यातलं साधं, घट्ट, लहान असं एक घ्या. भाव करताना पाती मोजू नका, सांधे पाहा. घरी फवारणीचा पंप असेल तर औषधाची कात्रीही त्याच दिवशी आणा. या सगळ्यातली सगळ्यात तातडीची खरेदी तीच आहे. सालगड्याला, रोजंदारीवर येणाऱ्या बायांनाही एकेक कात्री द्या. विषाची पुडी बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते, आणि ती त्यांच्या दातांपर्यंत जाऊ नये ही जबाबदारी मालकाची आहे.